काट्यावर मोजलेली विमानं

नमस्कार श्रोतेहो.

आज 4 डिसेंबर, नौदल दिन. इंदूरमध्ये फौजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महूची छावणी येते. पायदळातला माणूस आपल्याला घरचा वाटतो. पण रामबागेतून, लोकमान्यनगरातून मुलं नौदलातही गेली, आणि त्यांतल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो भरती झाल्यावरच. आमच्या शेजारचे काका त्यांतलेच. 1971 च्या लढाईत ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. वरच्या धावपट्टीवर नव्हे, अगदी तळाशी, बॉयलर रूममध्ये, जिथे पाणी उकळून जहाजासाठी वाफ तयार करतात. आज त्यांचं ऐकलेलं तुम्हाला सांगायचं आहे.

थोडं जहाजाबद्दल. ब्रिटनमध्ये अर्धवट राहिलेलं हे जहाज भारताने 1957 साली घेतलं, आणि 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टला ते विक्रांत या नावाने आपल्या नौदलात आलं. वर हजारावर माणसं, सी हॉक ही लढाऊ विमानं, आणि पाणबुड्या शोधणारी आलिझे. आता प्रश्न असा की एवढ्याशा धावपट्टीवरून विमान उडतं कसं? एक म्हणजे जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळवून जोरात पळवतात, म्हणजे विमानाला समोरून वारा मिळतो. दुसरं म्हणजे कॅटापल्ट. वाफेच्या दाबाने तो विमानाला पुढे फेकतो. नीट ऐका, जहाज पळतं तेही वाफेवर आणि विमान सुटतं तेही वाफेवर. आणि 1971 साली विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एक निकामी होता. तीन बॉयलरांवर जहाज बंगालच्या उपसागरात लढायला गेलं. वेग कमी, त्यात समुद्रावर वारा मंद. वरचं विमान उडणार की नाही, हे खाली किती वाफ धरून ठेवता येते यावर होतं.

काका सांगतात, तिथल्या उकाड्यापेक्षा आपला इंदूरचा मे महिना परवडला. आणि पाणी? जहाजावर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून तयार करायचं. त्यातलं पहिलं पाणी बॉयलरला, मग माणसांना. पहिलं बॉयलरला. अंगाला साबण लावलेला माणूस थांबेल, बॉयलर थांबणार नाही. काका आजही दात घासताना नळ बंद करतात. नर्मदेचं पाणी जलूदहून डोंगर चढवून आपल्या इंदुरात येतं, आणि सकाळी सकाळी लोक पाइप लावून मोटारी धुतात. माझं स्पष्ट मत आहे, अशांना जबर दंड झाला पाहिजे. असो.

तर आता ती गोष्ट. ही मी काकांकडून कितीदा ऐकली असेल, आणि दर वेळी पुन्हा सांगायला लावली आहे.

बॉयलर रूममध्ये वरचं काही दिसत नाही. आकाश नाही, समुद्र नाही, दिवस की रात्र तेही कळत नाही. विमानं कुठे चालली आहेत, हे तिथल्या स्टोकरांना, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणाऱ्यांना, कोण सांगणार? 4 डिसेंबरला सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, त्याच संध्याकाळी चितगाववर केला, पण हे सगळं काकांना मागाहून कळलं. त्यांच्यासमोर होता फक्त वाफेच्या दाबाचा काटा. कॅटापल्टने एक विमान फेकलं की वाफ खर्च व्हायची आणि काटा खाली यायचा. यांनी आग वाढवून तो परत वर न्यायचा. पुन्हा विमान, पुन्हा काटा खाली. त्यांच्या पाळीचा म्होरक्या एक केरळी पेटी ऑफिसर होता. तो काही न बोलता खडूने पत्र्यावर रेघ ओढायचा. एक काटा, एक रेघ.

त्या दिवसांतल्या एका सकाळी आठ रेघा झाल्या. आठ विमानं गेली. पाळी संपली, काका वर मेसमध्ये आले. जेवण तयार होतं, पण जेवले नाहीत. त्यांची मेस, म्हणजे जेवायची आणि झोपायची जागा, जहाजाच्या मागच्या अंगाला, बरोबर जिथे विमानं उतरतात त्या जागेच्या खाली. काट्यावर फक्त जाणारी विमानं कळतात, येणारी कळत नाहीत. येणारी मोजायची ती छतावर. चाकं आदळली की वर मोठा दणका, आणि लगेच विमान थांबवायला आडवी लावलेली तार त्याच्या हुकात अडकून फरफटत ओढली जाण्याचा आवाज. काका बंकवर डोळे मिटून पडले होते.

दणका. एक. थोड्या वेळाने दुसरा. तिसरा, चौथा. पाचवा, सहावा. मग सातवा.

आणि मग काही नाही.

काका म्हणतात, मी डोळे उघडले तर पलीकडच्या बंकवरचा सरदार उठून बसलेला. त्याच्या वरचा बंगाली उठून बसलेला. जेवण वाढणारा पोरगा पळी हातात धरून छताकडे बघत उभा. तेव्हा मला कळलं की झोपलेलं कोणीच नव्हतं, सगळे मोजत होते. कोणी कोणाला विचारेना. विचारलं तर सात हे उत्तर खरं ठरेल, अशी भीती.

किती वेळ गेला ते काकांना सांगता येत नाही. मी दर वेळी विचारतो, ते दर वेळी म्हणतात, घड्याळाकडे कोण बघत होतं?

आणि मग वर दणका झाला. तार ओढल्याचा आवाज आला. आणि त्या मेसमधला प्रत्येक जण आपापल्या भाषेत ओरडला. आठ! अठ्ठ! आट! एट्टु! एनिमिदी! काका सांगताना आजही हे सगळे आकडे त्याच आवाजात म्हणतात, आणि शेवटी स्वतःचा मराठी आठ. ते विमान पहिल्या खेपेला नीट उतरणार नाही असं दिसलं होतं. वैमानिकाने चाकं न टेकवताच ते वर नेऊन, एक चक्कर मारून मग उतरवलं होतं. जेवण गार झालं होतं, ते सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लं.

तो वैमानिक कोण, हे काकांनी कधी पाहिलं नाही. त्यालाही यांचा पत्ता नसणार.

श्रोतेहो, ही गोष्ट मी ऐकली ती काकांच्या जुन्या घराच्या ओट्यावर. ते घर आता पडलं, तिथे इमारत उभी राहिली, खाली सगळं पार्किंग. बांधणाऱ्यांनी दर इमारतीला रस्त्याच्या बाजूने एक ओटा ठेवायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. मोटारीला जागा मिळते, म्हाताऱ्या माणसाला चार जणांत बसायला मिळत नाही. तुमच्या गल्लीत नौदलातून आलेलं कोणी असेल तर त्यांच्याकडे जा, आणि आधी हे विचारा की तुम्ही जहाजावर वर होतात की खाली. खाली असलेल्यांना सहसा कोणी विचारत नाही.

जुनी विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, पुढे ती मोडीत काढली. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हा काका सकाळपासून टीव्हीपुढे होते. 262 मीटर लांब, आपल्याच देशात बांधलेली. त्यांनी मला विचारलं, बॉयलर किती आहेत रे? मी म्हटलं, काका, बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत. कॅटापल्टही नाही, पुढच्या टोकाला चढण केली आहे, विमान तिच्यावरून धावत उडतं.

काका थोडा वेळ हिशेब करत राहिले. मग म्हणाले, म्हणजे आता पहिलं पाणी पोरांना मिळत असेल. छान झालं.

नमस्कार.