कृष्णकमळाची मोजदाद

मंडळी, आधी एक गैरसमज बाजूला सारू. कृष्णकमळ हे कमळ नव्हे, आणि ते गोकुळातलंही नव्हे. पॅसिफ्लोरा या प्रजातीत ५००हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. मेक्सिकोकडच्या एका निवडुंगाला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, तसाच हा प्रकार. परदेशातून आलेलं फूल देखणं निघालं की त्याला ‘कमळ’ म्हणून घरात घ्यायचं, ही आपली खोड!

आता फूल हातात घ्या आणि बाहेरून आत मोजत चला. पाच निदलं (कळीला झाकणारी बाहेरची दलं), पाच पाकळ्या. दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून पाकळ्या दहा वाटतात. मग तंतूंची झालर. मधोमध एक दांडा, त्यावर खाली तोंड केलेले पाच परागकोश, त्यांच्या वर हिरवा बीजकोश आणि सगळ्यांच्या डोक्यावर तीन कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं.

या आकड्यांत ज्याला जे दिसलं, ते त्याच्या घरचं होतं. आपल्याला झालरीत शंभर कौरव दिसले, परागकोशांत पांडव, बीजकोशात कृष्ण, वर ब्रह्मा-विष्णू-महेश. (बीजकोशाला द्रौपदी मानणारेही आहेत.) तंतू खरोखर मोजायला बसलात तर शंभर भरतीलच असं नाही, जातीगणिक आकडा बदलतो. हिंदीत हे राखीफूल, बंगालीत झुमकोलता. जपान्यांना तीन कुक्षी घड्याळाच्या काट्यांसारख्या वाटल्या, म्हणून तोकेइसो, घड्याळ-वनस्पती. तुर्कीत चार्कीफेलेक, म्हणजे दैवाचं चक्र. आपला चरखा त्याच फारसी ‘चर्ख’च्या घरचा.

युरोपातल्या पाद्र्यांनी तर यात येशूची अख्खी सुळावरची कथा वाचली. मेक्सिकोहून आलेली चित्रं पाहून जाकोमो बोसियो या इतिहासकाराने १६१०च्या सुमारास रोममध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे अर्थ ठरत गेले: झालर म्हणजे काटेरी मुकुट, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे, तणावे म्हणजे चाबूक. दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य. बारा होते, पण दगा देणारा जूडास आणि नाकारणारा पीटर वगळले. १७५३मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने पॅसिफ्लोरा हे नाव पक्कं केलं. इंग्रजीत हे पॅशन फ्लॉवर, पण इथला ‘पॅशन’ म्हणजे प्रेमाचा आवेग नव्हे, लॅटिन ‘पासियो’, यातना. पॅशन फ्रूटच्या सरबताच्या बाटलीवर लाल बदाम छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पण ज्यांच्या रानात ही वेल वाढली, त्यांनी काय म्हटलं? ब्राझीलमध्ये माराकुजा. हा तिथल्या आदिवासींच्या तुपी भाषेतला शब्द. ‘तुंब्यातलं अन्न’ असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे त्यांचं लक्ष फळावर! ग्वारानी या आदिवासी भाषेत म्बुरुकुया, ते पॅराग्वेचं राष्ट्रीय फूल. अर्जेंटिनाच्या कोरियेन्तेस प्रांतात एका स्पॅनिश कप्तानाच्या मुलीची कथा सांगतात. तिच्या ग्वारानी प्रियकराने तिला म्बुरुकुया हे नाव दिलं होतं. बापाने त्याला मारलं, तेव्हा तिने त्याचाच पिसं लावलेला बाण छातीत खुपसला, आणि त्या पिसांचं हे फूल झालं. कथेत स्पॅनिश कप्तान आहे, म्हणजे ही घडण वसाहतीनंतरची. माझ्या मते नाव तिच्याहून जुनं.

जाती ओळखायच्या तर पान पाहा, फुलाच्या रंगावर जाऊ नका. पॅसिफ्लोरा सेरुलिया या जातीचं पान बहुधा पाच बोटांचं, कडा गुळगुळीत. एड्युलिसचं तीन बोटांचं, चकचकीत, कडेला दाते. बाजारातलं पॅशन फ्रूट याचंच. क्वाड्रँग्युलॅरिसचं पान अखंड आणि खोड चौकोनी, धारांना पंख. अँडीजमधल्या मिक्स्टाच्या फुलाची नळी इतकी लांब, की मध प्यायला तलवारचोच्या हमिंगबर्डच हवा.

“फुलं येतात, फळ धरत नाही,” ही तक्रार नेहमीची. पिवळ्या फळाच्या एड्युलिसला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या रोपाचा लागतो, त्याच वेलीच्या फांदीपासून केलेल्या रोपाचाही नाही. फूल दुपारी उमलतं आणि रात्री मिटतं. जांभळ्या फळाच्या एड्युलिसचं पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं. परागीभवन करणारा मुख्यतः मोठा काळा भुंगा. मधमाशी लहान पडते, पराग चोरून नेते. भुंगे नसतील तर ब्रशने करा, पण कुक्षी खाली वाकल्यावर. उमलताना त्या उभ्या असतात, साधारण तासाभरात वाकतात. ज्या फुलात वाकतच नाहीत, त्यात श्रम वाया. पराग ओला झाला की फुटतो, म्हणून भर पावसात फळाची आशा नको.

लावायची तर तीन डोळ्यांची, १५ ते २० सेंटिमीटरची फांदी घ्या. कुंडी किमान १४ इंची, ऊन पाच-सहा तास. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणीला घाबरू नका.

आणि पानं एका रात्रीत गायब झाली, तर काटेरी सुरवंट शोधा. ते कृष्णकमळिनी या फुलपाखराचे. पानांतल्या सायनाइडयुक्त द्रव्यांना ते जुमानत नाहीत. आपल्या जंगलातल्या याच कुळातल्या वेलींवर ते आधीपासून वाढत होते. पाहुणी वेल अंगणात आल्यावर त्यांनी ती ओळखली. फवारणी करू नका. वेल मुळाशी धडधाकट असली की पुन्हा फुटते.