वीरगळीची प्रदक्षिणा

(ढगाळ सकाळ. देवळामागचं मोकळं रान. कमरेइतकी काळी शिळा, समोरून शेंदूर फासलेली.)

ऊन नाही, म्हणून आज काम होणार. काळ्या दगडावर ऊन पडलं की एका अंगाला चकाकी, दुसऱ्या अंगाला काळोख. कॅमेऱ्याला दोन्ही चालत नाही. आभाळ भरलं की उजेड चहूकडून सारखा उतरतो. त्यासाठी ही मंडळी दोन दिवस देवळाच्या पायरीवर बसून होती. फोटोंवरून या शिळेची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी करायची आहे.

गावासाठी हा वीरबाबा. अवसेला नारळ, दसऱ्याला शेंदूर. अभ्यासकांसाठी ही वीरगळ: झुंजीत पडलेल्या वीराच्या आठवणीची शिळा.

(कॅमेरा शिळेच्या तळापासून सावकाश वर सरकतो.)

वीरगळ वाचायची ती खालून वर. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडला आहे, मागे गायींची रांग. म्हणजे गावची गुरं राखताना हा गेला. त्यावरच्या चौकटीत झुंज. त्याच्यावर अप्सरा त्याला धरून वर नेताहेत. शेवटी तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्याशी चंद्र आणि सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती.

नाव मात्र कुठेच नाही. कर्नाटकातल्या वीरगळींवर पुष्कळदा लेख असतो. आपल्याकडच्या बहुतेक मुक्या. जे सांगायचं ते छिन्नीनं सांगितलेलं. ते झिजलं की विषय संपला.

(एक मुलगी कॅमेरा घेऊन शिळेभोवती फिरते. अर्धं पाऊल, क्लिक. अर्धं पाऊल, क्लिक.)

दगड हलत नाही, आपण फिरायचं. एक फेरी गुडघ्याच्या उंचीवरून, एक छातीच्या, एक स्टुलावर चढून. आधीच्या फोटोत जे दिसलं त्यातलं निम्म्याहून जास्त पुढच्या फोटोत पुन्हा दिसलंच पाहिजे. एखादा कोपरा सुटला, तर संगणकावर तिथे भोक पडतं. बघणाऱ्या आजींना ही प्रदक्षिणाच वाटली. त्यांनी हात जोडले, आणि सगळ्यांना चपला काढायला लावल्या.

शेजारी ठेवलेली काळी-पांढरी पट्टी ही लांबी सांगणारी. ती नसेल, तर शिळा चार फुटांची की चार इंचांची हे संगणकाला कळायला मार्ग नाही.

(क्लोज-अप. शेंदराची तेलकट झळाळी. फिल्टर फिरताच ती विझते.)

शेंदूर चमकतो. मग दिव्यावर आणि भिंगावर असे दोन्हीकडे पोलरायझिंग फिल्टर लावायचे, एकमेकांना आडवे. चमक जाते, रंग उरतो. ‘खरवडून काढा की, साफ दिसेल,’ असं एकानं सुचवलं. खरवडायचं नाही. शेंदूर ही या दगडाचीच गोष्ट आहे. आमचं भांडण आहे ते ऑइलपेंटशी. आणि त्या तिथल्या पायरीशी. ती पायरी नीट बघा.

(देवळाची नवी पायरी. सिमेंटात आडवी बसवलेली दुसरी वीरगळ.)

(संगणकाचा पडदा. काळोखात ठिपके गोळा होत जातात.)

दोन डोळ्यांना खोली कळते, कारण दोन्हींना वस्तू जराशी वेगळी दिसते. इथे डोळे शेकडो. एकच ओरखडा कोणकोणत्या फोटोत आलाय ते संगणक शोधतो आणि तो अवकाशात नेमका कुठे असेल ते काढतो. ठिपक्यांचा ढग, ढगावर जाळी, जाळीवर दगडाची कातडी.

फोटोवरून मोजण्याची कल्पना जुनी आहे. १८५८ साली जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर वरून पडता पडता वाचला. त्याला वाटलं, जीव धोक्यात घालण्यापेक्षा फोटो काढून त्यावर मापं का घेऊ नयेत?

(गॅझेटियरचं पिवळं पान.)

आपल्याकडे नोंदी झाल्या, त्या शब्दांत. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये एकसरच्या वीरगळींचं वर्णन आहे. तळ्याकाठची आमराई, ओळीनं सहा शिळा, काहींवर वल्ह्यांच्या जहाजांचं युद्ध. चौकटीमागून चौकट लिहून काढली आहे, लिहिणाऱ्याची चिकाटी मोठी. एकसर म्हणजे आजच्या मुंबईतल्या बोरिवलीचा एक भाग. आमराई गेली, इमारती आल्या. ते वर्णन कितीही वाचा, त्यातून झिजलेलं जहाज परत उभं राहत नाही.

(रात्र. शिळेसमोर स्टँडवर कॅमेरा. हातात दिवा.)

रात्रीचं काम उलटं. आता कॅमेरा जागचा हलत नाही, दिवा फिरतो. दिव्याला दोरी बांधलेली, म्हणजे अंतर दर वेळी तेवढंच. शिळेच्या कडेला चकचकीत काळा गोळा आहे. त्यावर तिरीप कुठे उमटली त्यावरून उजेड कुठून आला ते कळतं. पन्नासेक फोटो. ही रीत २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतून पुढे आणली. मग घरी बसून माउसनं उजेड हवा तिकडे नेता येतो.

दिवसा ही जागा सपाट दिसत होती. वीराच्या पायाशी, उजवीकडे. आता उजेड डावीकडून, जमिनीलगत...

(निवेदन थांबतं. पडद्यावर उजेड सरकतो. शेपूट, मग पाठ, मग वर उचललेलं तोंड. कुत्रा.)

तळाची चौकट अर्धी मातीत आहे. उकरायची परवानगी नव्हती, म्हणून उकरलं नाही. फाइलची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत दिली. रस्ता रुंद व्हायचा आहे आणि शिळा खुणेच्या आत येते. ती कुठे जाणार ते ठरलेलं नाही.

(शाळेचा वर्ग. एका फोनवर पाच डोकी. बोटानं वीरगळ गरगरा फिरवली जाते.)

(देवळामागे, सकाळ. आजी. वाटीत तेल आणि शेंदूर. दिवसाच्या उजेडात सपाट दिसणाऱ्या त्या जागेवर त्या बोट टेकवतात, आधी वीराला, मग कुत्र्याला.)