आधार सुटलेल्या लिनक्सवर ॲप्लिकेशन सर्व्हर

सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टीमचा आधार (नव्या दुरुस्त्यांचा पुरवठा) ३० जून २०२४ रोजी संपला. त्या दिवशी एकही मशीन बंद पडलं नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. टॉमकॅट हा जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर कालच्यासारखाच उत्तरं देत राहतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. अडचण येते ती नवं काही बसवायला घेतलं की. आज जे सांगायचं आहे ते एवढंच: जुन्या मशीनवर नवा सर्व्हर चालवता येतो, पण मशीनच्या मूळ लायब्ररींना हात न लावता. आपल्याला लागेल ते सगळं आपण स्वतंत्र डिरेक्टरीत आणायचं.

पहिला धक्का यम, म्हणजे पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम, देतो. 'मिररलिस्ट'चा (पॅकेजेस देणाऱ्या सर्व्हरांच्या यादीचा) पत्ता सापडत नाही म्हणून तो थांबतो, कारण तो पत्ता आता बंद आहे. रेपोच्या (पॅकेजच्या साठ्यांच्या) फाइलींत मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएल सेंटओएसच्या 'व्हॉल्ट'कडे वळवली की पॅकेजेस मिळू लागतात. पण ते गोदाम आहे. तिथे माल आहे तेवढाच आहे, नव्या दुरुस्त्या तिथे येत नाहीत.

दुसरा धक्का मोठा. नोड १८ (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) याची अधिकृत बायनरी, म्हणजे तयार बांधलेली फाइल, उतरवून चालवली, तर 'जीलिबसी २.२८ सापडली नाही' असा संदेश येतो. जीलिबसी ही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी; सेंटओएस ७ वर ती २.१७ आहे. या लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनला आवृत्तीची चिठ्ठी चिकटवलेली असते. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या जीलिबसीवर चालतो, उलटं मात्र होत नाही. प्रोग्रॅम नव्या चिठ्ठ्या मागतो आणि जुन्या मशीनकडे त्या नसतात. एखाद्या बायनरीला काय लागेल हे ती बसवण्याआधीच 'ऑब्जडम्प'ला मोठ्या टी चा पर्याय देऊन पाहता येतं. ही दोन मिनिटांची तपासणी कधीच टाळू नका.

इथे एक घातक मोह होतो: नवी जीलिबसी आणून सिस्टीमच्या जागी ठेवण्याचा. लायब्ररी आणि तिचा लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) यांची जोडी एकाच आवृत्तीची असावी लागते. ती मोडली की 'एलएस', 'सीपी', लॉगिन, सगळंच एका क्षणात थांबतं. तसं झालंच, तर उघडी असलेली रूटची शेल बंद करू नका. 'एसएलएन' नावाची छोटी आज्ञा स्टॅटिक बांधणीची असते, तिला जीलिबसी लागत नाही. तिच्या मदतीने जुन्या फाइलीकडे जाणारी लिंक परत जोडता येते. शेल बंद केली असेल, तर रेस्क्यू डिस्कनेच मशीन उघडावं लागतं.

मग वाटा कोणत्या? जावाची सगळ्यांत सोपी. जेडीकेचा (जावाच्या संचाचा) टार 'ऑप्ट' या वेगळ्या डिरेक्टरीत उलगडायचा, सर्व्हिस फाइलीत जावा होम तिकडे वळवायचं, संपलं. टॉमकॅट १०.१ ला जावा ११ लागतो, टॉमकॅट ११ ला जावा १७. नोडसाठी जीलिबसी २.१७ वर बांधलेल्या अनधिकृत बायनरी मिळतात. चालतात, पण त्यांची हमी कोणी घेत नाही.

पायथनला मात्र घाम गाळावा लागतो. ३.१० पासून त्याला किमान ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ हवं, आणि मशीनवर १.०.२ आहे. बांधणी वरवर यशस्वी होते, फक्त एसएसएल मॉड्यूल गुपचूप वगळलं जातं आणि पायथनची पॅकेजेस आणणारं पिप पुढे अडतं. म्हणून आधी ओपनएसएसएल ३ 'ऑप्ट'मध्ये बांधा. त्याच्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टला पर्लचं 'आयपीसी सीएमडी' मॉड्यूल लागतं, ते आधी बसवा. आणि लिबडिरला (लायब्ररी कुठे ठेवायची त्या पर्यायाला) 'लिब' असं स्पष्ट सांगा. न सांगितल्यास फाइली 'लिब६४'मध्ये जातात, पायथनचं कॉन्फिगर 'लिब'मध्येच शोधतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर येता. पायथन बांधताना ओपनएसएसएलचा मार्ग आणि आरपाथ (चालताना लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता), दोन्ही द्या.

कंटेनरने, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या लायब्ररींसह एका इमेजमधून चालवल्याने, हे सगळं टळतं का? बरंचसं टळतं. नवी जीलिबसी इमेजबरोबर येते, आणि तिला किमान कर्नल (सिस्टीमचा गाभा) ३.२ लागतो, आपल्या मशीनचा ३.१० आहे. पण जीलिबसी २.३४ पासून थ्रेड बनवताना आधी 'क्लोन३' ही सिस्टीम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) वापरून पाहिली जाते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या जुन्या आवृत्तीचं सेककॉम्प, म्हणजे सिस्टीम कॉलची गाळणी, तिला 'अशी कॉल नाही' असं न सांगता 'परवानगी नाही' असं सांगतं. पहिलं उत्तर मिळालं असतं, तर जीलिबसी जुन्या 'क्लोन'कडे वळली असती. दुसऱ्याने ती थांबते. जावा मग मेमरी अपुरी असल्याचा संदेश देतो आणि लोक रॅम वाढवत बसतात. उपाय डॉकर २०.१०.१० किंवा त्यापुढचं. सेककॉम्प पूर्ण बंद करणं हा उपाय नाही. आणि कर्नल यजमानाचाच राहतो, त्यातली भोकं कंटेनर बुजवत नाही.

सर्व्हिस फाइलीकडेही लक्ष द्या. इथे सर्व्हिसेस सुरू करणारं सिस्टीमडी २१९ आहे. नव्या मशीनवरून उचललेल्या फाइलीतलं 'प्रोटेक्टसिस्टीम'चं (सिस्टीमच्या फाइलींवर सर्व्हिसला लिहू न देणाऱ्या पर्यायाचं) 'स्ट्रिक्ट' हे मूल्य त्याला कळत नाही. तो लॉगमध्ये एक ओळ टाकून ते सोडून देतो आणि सर्व्हिस संरक्षणाविना सुरू होते. इथे 'फुल' लिहा, आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर जर्नल (सिस्टीमडीचा लॉग) वाचा.

शेवटचा भाग जाळ्याचा. हे मशीन थेट इंटरनेटला दाखवू नका. पुढे आधार असलेल्या सिस्टीमवर रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या घेऊन आत पाठवणारा सर्व्हर) ठेवा; टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन, तिथेच संपू द्या, कारण मशीनवरच्या ओपनएसएसएल १.०.२ ला टीएलएस १.३ येत नाही. टॉमकॅटचा कनेक्टर (विनंत्या ऐकणारा भाग) खासगी पत्त्यावर बांधा आणि फायरवॉलमध्ये फक्त प्रॉक्सीला वाट द्या. टॉमकॅटमध्ये रिमोट आयपी व्हॉल्व (मूळ विनंतीची माहिती प्रॉक्सीकडून घेणारा भाग) लावा; नाहीतर टॉमकॅट सगळ्या विनंत्या साध्या एचटीटीपीच्या समजतो आणि रीडायरेक्ट चुकतात. एजेपी या टॉमकॅट-प्रॉक्सी प्रोटोकॉलचं ८००९ पोर्ट लागत नसेल तर बंदच ठेवा. बाहेर जाणारी वाटही बांधा: डेटाबेस आणि मोजके ठरलेले पत्ते सोडून काही नाही. आत शिरलेला माणूस बहुधा पुढची हत्यारं बाहेरूनच ओढून आणतो.