सदतीस मिनिटे उठू नका

पडद्यावर आता दिसतो आहे तो रात्रीचा निर्मनुष्य रस्ता १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटातला आहे. बाजूला दगडी भिंत आहे, ठरावीक अंतरावर दिव्यांचे खांब आहेत, आणि त्यांच्या उजेडाची वर्तुळे एकामागून एक ओलांडत एक तरुणी चालली आहे. तिच्या पाठोपाठ दुसरी स्त्री येते आहे; ती बिबट्याचे रूप घेते, असा कथेतला संशय आहे. पार्श्वसंगीत अजिबात नाही. ऐकू येतात ते फक्त उंच टाचांचे दोन आवाज, आणि थोड्या वेळाने आपल्या लक्षात येते की त्यांपैकी एकच आवाज उरला आहे. पुढची तरुणी वळून पाहते, पावले उचलते, शेवटी धावत सुटते. एका खांबाशी धापा टाकत थांबते, आणि नेमक्या त्याच क्षणी उजवीकडून फिस्कारल्यासारखा आवाज करत काहीतरी चौकटीत घुसते. ती शहरातली बस असते. चालकाने ब्रेक लावलेला असतो, एवढेच.

या चित्रपटाचे निर्माते व्हॅल ल्यूटन यांना आरकेओ स्टुडिओने घातलेल्या अटी स्पष्ट होत्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि चित्रपटाचे नाव स्टुडिओ ठरवणार. नवे नेपथ्य उभारायला पैसे नव्हते, म्हणून त्याच स्टुडिओच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या भारदस्त चित्रपटासाठी बांधलेला जिना पुन्हा वापरला गेला. खरा धोका समोर न आणता एखाद्या निरुपद्रवी गोष्टीने प्रेक्षकाला दचकवण्याच्या युक्तीला भयपटांचे जाणकार आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. त्या बसच्या नकला हजारो झाल्या. मात्र तिच्या आधीची ती थांबलेली पावले फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

एक शौकीन दुसऱ्या शौकिनाला भयपट सुचवतो तेव्हा तो बहुधा चित्रपटाचे नाव सांगतो, वर ‘जाम घाबरशील’ अशी हमी देतो आणि तिथेच घोळ करून ठेवतो. हाच घोळ मीही केला आहे. ‘कॅट पीपल’ मी एका मित्राला अशीच हमी देऊन पाहायला लावला होता. तो हाताची घडी घालून, घाबरायची वाट पाहत बसला आणि शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला की तो प्राणी नीट दिसतो तरी केव्हा. त्याला मी टाचांच्या आवाजाकडे लक्ष दे, एवढेच सांगितले असते, तर बरे झाले असते. कमी खर्चाच्या चित्रपटाची शिफारस करताना भीतीची हमी देऊ नये. कान आणि डोळे कुठे लावायचे, तेवढे सांगावे. पैसे कुठे संपले आणि त्या जागी दिग्दर्शकाने काय ठेवले, हे ज्याला दिसू लागते, त्याला पुढचे चित्रपट आपोआप सापडत जातात.

याचे माझ्या मते सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे १९६२ सालचा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’. हर्क हार्वे हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहरात शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट बनवणाऱ्या संस्थेत दिग्दर्शक होते. प्रवासात त्यांना ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावरचे सॉल्टएअर हे ओस पडलेले करमणूक केंद्र दिसले, आणि त्या वास्तूत काहीतरी घडले पाहिजे या हट्टातून हा चित्रपट जन्मला. नोकरीतून रजा घेऊन, सुमारे तेहतीस हजार डॉलरमध्ये आणि जेमतेम तीन आठवड्यांत त्यांनी चित्रीकरण उरकले. पांढऱ्याफटक चेहऱ्याचा जो पुरुष नायिकेला वारंवार दिसतो, ती भूमिकाही त्यांनी स्वतःच केली. यानंतर त्यांनी दुसरा कथापट काढला नाही.

त्यातला एक प्रसंग मी नेहमी सांगतो. नायिका एका मोठ्या दुकानात कपडे घालून पाहते आहे. पडद्यावरचे चित्र पाण्यात खडा टाकल्यासारखे क्षणभर हलते, आणि ती खोलीतून बाहेर येते तेव्हा जगाचा आवाज बंद झालेला असतो. विक्रेती समोर उभी आहे, पण तिला नायिका दिसत नाही. रस्त्यावर मोटारी धावताहेत, माणसे बोलताहेत, ओठ हलताहेत, पण ऐकू येतो तो फक्त नायिकेचा स्वतःचा आवाज आणि तिची पावले. बऱ्याच वेळाने, एका बागेत झाडाशी उभी असताना, पक्ष्याची किलबिल कानावर पडते आणि सगळे पूर्ववत होते. या प्रसंगात रंगभूषा नाही, विशेष दृश्यपरिणाम म्हणावा तर ते एक हलणारे चित्र. शांततेला खर्च येत नाही, हे हार्वे यांना औद्योगिक लघुपट बनवताना कळले असावे, असे मला उगाचच वाटत राहते. चित्रपटाची गती संथ आहे, काही सहकलाकार पाठ केल्यासारखे बोलतात, हे आधी सांगून टाकावे, म्हणजे पाहणारा त्यावर अडून बसत नाही.

जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची शिफारस करण्याची गरज आहे का, असे कोणी विचारेल. १९६८ सालचा, पेनसिल्व्हेनियात सुमारे एक लाख चौदा हजार डॉलरमध्ये बनलेला हा चालत्या प्रेतांचा कृष्णधवल चित्रपट सर्वांनी पाहिलेला असतो असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनेकांनी त्याची एखादी फिकट, दाणेदार, खरखरत्या आवाजाची प्रत अर्धवट पाहून सोडून दिलेली असते. याला एक विचित्र कारण आहे. चित्रपटाचे मूळ नाव वेगळे होते. वितरकाने ते बदलताना नावाची पाटी बदलली आणि त्या पाटीवरची स्वामित्वहक्काची सूचना नव्या पाटीवर घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार ती सूचना आवश्यक होती, त्यामुळे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला आणि वाटेल त्याने वाटेल तशी प्रत काढून विकली. निर्मात्यांचे मोठे नुकसान झाले. चित्रपट मात्र त्यामुळेच घराघरात पोहोचला. २०१६ साली मूळ निगेटिव्हवरून त्याची जीर्णोद्धारित प्रत तयार झाली. तीच पाहा, असे आवर्जून सांगावे, कारण तिच्यात काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि खिडक्यांवर फळ्या ठोकणाऱ्या नायकाच्या, म्हणजे ड्युएन जोन्स यांच्या चेहऱ्यावरचा घामही दिसतो. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले आहे, हे ठाऊक असूनही अंगावर काटा येतो. यात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही.

‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ हा १९७४ सालचा चित्रपट सुचवताना मी समोरच्याचा स्वभाव पाहतो. नाव ऐकून लोक रक्ताच्या चिळकांड्यांची अपेक्षा ठेवतात, आणि पाहून झाल्यावर तशा पाहिल्याची शपथही घेतात, वास्तविक पडद्यावर रक्त फारच थोडे आहे. दिग्दर्शक टोबी हूपर यांना तर सौम्य प्रमाणपत्र मिळेल अशी आशा होती. शेवटचा जेवणाच्या टेबलाचा प्रसंग टेक्सासच्या उन्हाळ्यात, खिडक्या झाकलेल्या घरात, तापलेल्या दिव्यांखाली आणि कुजत चाललेल्या मांसाच्या दुर्गंधीत चोवीस तासांहून अधिक काळ सलग चित्रित होत होता. नटांच्या डोळ्यांतला शीण अभिनयाचा राहिलेला नाही, हे तिथे स्पष्ट कळते. ज्याला अशा छळाचा त्रास होतो, त्याला हा चित्रपट सांगूच नये. शिफारस म्हणजे धाडसाची परीक्षा नव्हे.

आता जंगलातून जमिनीलगत सुसाट येणारे हे दृश्य पाहा. सॅम रेमी यांनी ‘द इव्हिल डेड’चे चित्रीकरण टेनेसीतल्या एका पडक्या लाकडी घरात १९७९च्या हिवाळ्यात सुरू केले, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. गुंतवणूकदारांना पटवण्यासाठी त्यांनी आधी एक लघुपट करून दाखवला होता. धक्के न बसता कॅमेरा फिरवणारी महागडी यंत्रणा परवडणारी नव्हती, म्हणून कॅमेरा एका लाकडी फळीच्या मधोमध बसवला गेला आणि फळीची दोन टोके धरून दोन माणसे चिखलातून पळत सुटली. टोकांना बसणारे हिसके मधोमध येईपर्यंत बरेच शमतात, आणि जे उरतात ते माणसाच्या चालीसारखेही वाटत नाहीत आणि यंत्राच्या गतीसारखेही वाटत नाहीत. झाडांमधून जे येते आहे त्याला शरीर द्यावेच लागले नाही. हा चित्रपट पाहणाऱ्याला फक्त ‘फळी लक्षात ठेव’ असे सांगितले तरी पुरते.

न्यूझीलंडमध्ये पीटर जॅक्सन यांनी ‘बॅड टेस्ट’ हा १९८७ सालचा चित्रपट सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून चार वर्षे चित्रित केला, आणि परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजून काढले. कड्यावरच्या मारामारीत दोन्ही बाजूंना तेच आहेत. एका भूमिकेत दाढी आहे, दुसरीत नाही. हा चित्रपट किळसवाणा आहे आणि तसा असल्याचा त्याला आनंदही आहे. येथे एक तक्रार नोंदवतो. ‘इतका वाईट की मजा येते’ असे म्हणून लोक असे चित्रपट एकमेकांना पाठवतात आणि मग सगळे मिळून हसायला बसतात. हसण्याला हरकत नाही, पण जो माणूस चार वर्षे आठवड्याचा एकुलता एक मोकळा दिवस मुखवटे भाजण्यात घालवतो, त्याला आपण काय करतो आहोत ते हसणाऱ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते. अर्थात, स्वस्त म्हणजे गुणी असेही नाही; कमी पैशांत बनलेले बहुतेक भयपट कंटाळवाणे असतात आणि त्यांना कल्ट, म्हणजे मोजक्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेले चित्रपट, म्हटल्याने ते सुधारत नाहीत.

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा १९९९ साली प्रदर्शित झालेला चित्रपट मेरिलँडच्या जंगलात आठ दिवसांत चित्रित झाला आणि कॅमेरे बव्हंशी कलाकारांच्याच हाती होते. त्याबद्दल इतके बोलून झाले आहे की मी येथे थांबत नाही. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ मात्र एका बारकाव्यासाठी सुचवावासा वाटतो. ओरेन पेली यांनी तो स्वतःच्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये बनवला. रात्रीच्या दृश्यांत कॅमेरा तिपाईवर स्थिर आहे, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे भराभर पळताहेत आणि झोपलेले जोडपे क्षणाक्षणाला कूस बदलते आहे. मग आकडे एकाएकी नेहमीच्या गतीवर येतात. खोलीत काहीही झालेले नसते, तरी घशाला कोरड पडते, कारण एव्हाना आकड्यांचा अर्थ आपण शिकलेलो असतो. हा चित्रपट फोनच्या पडद्यावर पाहणाऱ्याला ते आकडे आणि उघडा दरवाजा दोन्ही निसटतात, म्हणून मोठा पडदा आणि मालवलेले दिवे ही अट मी शिफारशीतच घालतो.

सर्वांत अवघड शिफारस शेवटी ठेवली आहे. शिनइचिरो उएदा यांचा ‘वन कट ऑफ द डेड’ हा २०१७ सालचा जपानी चित्रपट सुमारे तीस लाख येनमध्ये, अभिनयाच्या कार्यशाळेतील नवख्या कलाकारांना घेऊन तयार झाला. त्याची सुरुवात एकाच अखंड टेकची, म्हणजे कुठेही न तोडता घेतलेल्या चित्रणाची आहे आणि तो टेक सदतीस मिनिटे चालतो. एका ओसाड इमारतीत झॉम्बीपटाचे चित्रीकरण चालू आहे आणि तिथे खरे झॉम्बी अवतरतात, एवढाच मामला दिसतो. संवाद मध्येच रेंगाळतात, पात्रे विनाकारण थबकतात, कॅमेऱ्याच्या भिंगावर उडालेले रक्त कोणीतरी पुसते, कॅमेरा एकदा जमिनीवर पडतो आणि बराच वेळ तसाच पडून राहतो. पाहणाऱ्याला वाटते की आपली फसवणूक झाली, आणि चांगल्या चांगल्या शौकिनांनी येथे चित्रपट बंद केल्याचे मी पाहिले आहे. त्यांना थांबवण्यासाठी कारण सांगावे, तर चित्रपटच हातचा जातो. न सांगावे, तर ते उठून जातात. म्हणून मी एवढेच म्हणतो: ट्रेलर पाहू नका, कोणाला काही विचारू नका, जिथे जिथे खटकेल त्या जागा मनात टिपून ठेवा, आणि सदतीस मिनिटे उठू नका.