डब्यातली रिकामी जागा

नमस्कार. आधी एक विचारते. घराला रंग देऊन झाल्यावर उरलेला डबा कोणाकोणाच्या घरी आहे? हात वर करा. जवळजवळ सगळेच! आता ज्यांनी तो गेल्या वर्षभरात उघडून पाहिलाय, त्यांनीच हात वर ठेवा. तीन. म्हणजे मी योग्य ठिकाणी आलेय.

रंग जुना झाला म्हणून गेला, असं आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही, आणि गेली काही वर्षं भेटेल त्याला मी हेच सांगत असते. रंग घालवते ती डब्यातली रिकामी जागा. चार लिटरच्या डब्यात एक लिटर रंग उरला की आपण समाधानाने म्हणतो, 'लिटरभर रंग ठेवलाय.' खरं तर आपण तीन लिटर हवा ठेवलेली असते आणि तिच्या तळाशी थोडा रंग. त्या हवेत अर्ध्या लिटरहून जास्त प्राणवायू असतो. ऑइल पेंट वाळतो तोच मुळी प्राणवायू शोषून. भिंत काय आणि डबा काय, त्याला फरक कळत नाही. हवा मिळाली की तो वाळायला लागतो आणि वर साय धरते.

रंग जपायला मला शिकवलं आमच्या बेडरूमच्या भिंतीने, तिथे मात्र रंग जायचं कारण वेगळं निघालं. राखाडीकडे झुकणारा हिरवा रंग होता, निवडायलाच आम्हाला तीन आठवडे लागले होते. काम संपलं, डबा जिन्याखाली गेला. दोन वर्षांनी कपाट सरकवताना त्याचा कोपरा भिंतीला घासला आणि वीतभर ओरखडा उठला. मी निर्धास्त होते, रंग घरातच होता ना! डबा काढला तर झाकण निघेना. स्क्रू ड्रायव्हर घातला आणि एकाच जागी जोर लावला. झाकण निघालं, पण काठ वाकला तो वाकलाच. आत वर पाणी तरंगत होतं, खाली पातळ गढूळ काहीतरी, आणि वास असा की मी पहिली खिडकी उघडली.

तो वास कुठून आला, हे कळायला मला बरेच दिवस लागले. शेवटच्या दिवशी रंगाऱ्याने ट्रेमधला उरलेला, पाणी घालून पातळ केलेला रंग परत डब्यात ओतला होता. ब्रश धुतलेल्या बादलीतलंच पाणी होतं ते. मी समोर उभी होते. थेंबही वाया घालवत नाही माणूस, म्हणून मला तेव्हा कौतुक वाटलं होतं! पाण्यातल्या रंगात कारखान्यातच जंतुरोधक घातलेलं असतं, पण ते मोजून. वरून मळकं पाणी पडलं की ते पुरत नाही. मग जीवाणू वाढतात, रंगाला दाटपणा देणारं सेल्युलोज तोडून टाकतात, आणि रंग पाण्यासारखा होतो. अशा रंगावर उपाय नाही. तो भिंतीला लावूही नये, वास भिंतीतून येत राहतो.

बरं, नवा रंग आणावा तर शेडचा कोड हवा. कोडावरूनच रंगाचा ओघळ गेलेला. पहिले दोन आकडे तेवढे वाचता आले. शेवटी भिंतीचा टवका घेऊन रंग जुळवून आणला. सकाळी छान दिसला. दुपारी तिरपा उजेड पडला आणि ठिगळ लख्ख दिसायला लागलं. वीतभर ओरखड्यासाठी आम्ही अख्खी भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवली. याचं मला आजही वाईट वाटतं. तो रंग जपता आला असता.

थोडं विषयांतर करते, पण मला ही गोष्ट फार आवडते. पूर्वी चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयात भरून ठेवत. टोचून रंग काढायचा आणि भोकाला खुंटी मारायची. ते नीट बंद होत नसे, रंग सुकत असे. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचं पेटंट घेतलं. त्या नळीची खुबी बघा: रंग बाहेर येतो तशी नळी चपटी होत जाते, हवेला आत जागाच उरत नाही. आपला डबा चपटा होत नाही. मग आपण काय करायचं…

चिठ्ठी आली आहे. सहा मिनिटं? बरं, 'उरलेला रंग टिकवायचा कसा' हे तर अजून व्हायचंच आहे. भरभर सांगते.

काम संपेल त्याच दिवशी रंग लहान, स्वच्छ, काठोकाठ भरेल अशा बरणीत काढा. काचेची उत्तम. ऑइल पेंट पातळ प्लॅस्टिकमध्ये नको, त्यातला द्रावक प्लॅस्टिक मऊ करतो. डब्यातच ठेवायचा असेल तर काचेच्या गोट्या धुऊन, वाळवून आत सोडा. रंगाची पातळी वर येते, हवा बाहेर जाते. फोटोग्राफर डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाच्या बाटलीत हेच करत असत. डब्याच्या खाचेतला रंग फडक्याने पुसा, नाहीतर झाकण बसत नाही. वर लाकडाची फळी ठेवून कडेकडेने ठोका, हातोडी थेट झाकणावर मारू नका. उघडताना गोल फिरत थोडं थोडं उचला.

डबा उलटा ठेवावा का, हे मला नेहमी विचारतात. ऑइल पेंटला साय तेव्हा बुडाशी धरते एवढंच. झाकण सैल असेल तर सकाळी जमीन रंगलेली मिळेल. त्यापेक्षा डबा भरलेला ठेवा.

थेट जमिनीवर ठेवू नका, ओलीने पत्रा गंजतो आणि गंजाचे कण रंगात पडतात. ऊन नको आणि गोठवणारी थंडीही नको. पाण्यातला रंग गोठला की फाटतो, ढवळून परत जुळत नाही. वाळून गुठळ्या झाल्या तरी तेच. कण एकदा एकमेकांना चिकटले की वरून कितीही पाणी घाला, सुटत नाहीत. साय मात्र कडेने कापून अख्खी उचला, ढवळू नका, आणि रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. तळाशी बसलेला साका खरवडून मिसळा, पांढरेपणा आणि झाक सगळी त्यातच असते. ट्रेमधला रंग परत ओतायचा नाही, हे आता वेगळं सांगत नाही.

आणि चिठ्ठी लावा: कंपनी, शेडचा कोड, बेस (म्हणजे ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग), मॅट की चकचकीत, कुठली खोली, तारीख. झाकणावर नको, झाकणं बदलतात. बरणीच्या अंगावर लावा.

ही बरणी मी घरून आणलीय. त्याच बेडरूमच्या भिंतीचा, दुसऱ्यांदा दिलेला रंग, पाच वर्षांपूर्वीचा. झाकण उघडतेय. काठी इथे आहे, पुढे या आणि स्वतः ढवळून बघा.