धावदोरा, नीळ आणि गूळ (शिबोरीवरच्या चित्रफितीचं निवेदन)

(पांढऱ्या सुती कापडावर पेन्सिलीच्या समांतर रेघा. सुई.)

हा टाका कोल्हापूरला नवा नाही. जुनी लुगडी एकावर एक घालून वाकळ शिवतात, तोच धावदोरा. पण वाकळेतला दोरा कायम राहतो, हा शेवटी उसवायचा आहे.

(बोटं, जवळून.)

मावशींनी उभी हयात वाकळा शिवल्या. शिबोरी, म्हणजे कापड शिवून-बांधून रंगवायची जपानी रीत, हे नाव मात्र त्यांच्या कानावर आत्ता पडलं. जपानात अरिमात्सु नावाचं गाव आहे, आता ते नागोया शहरातच येतं. १६०८ साली वसलं आणि असंच बांधून-शिवून रंगवलेल्या कापडावर मोठं झालं.

इथलं कापड इचलकरंजीच्या मागावरचं. सोडा घालून उकळलेलं, कारण खळ राहिली तर रंग नीट बसत नाही. दोरा दुहेरी, एका टोकाला जाड गाठ, दुसरं टोक मोकळं. टाके लहान आणि सारखे हवेत, पण एका रेघेतला टाका दुसरीतल्या टाक्याखाली येता कामा नये. मग फळीवरच्या रेषांसारखी नक्षी उमटते, तिचं नाव मोकुमे. डिझाइन शिकलेल्या मुली टाके मोजत होत्या, मावशी गप्पा मारत होत्या. कुणाचे सारखे पडले, ते दिसतंच आहे.

(दोरे ओढले जातात. कापड आकसतं.)

इथे दया दाखवायची नाही. दोरा सैल राहिला की चुणीत रंग शिरतो आणि सगळंच निळं होतं.

(बादली. गुळाचा खडा फुटतो.)

नीळ, चुना आणि आपला कोल्हापुरी गूळ. नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. चुन्याच्या गरम पाण्यात गुळातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तिचं क्षपण करतं, म्हणजे तिचं रासायनिक रूप बदलतं, तेव्हा ती विरघळते. पांढऱ्या साखरेला हे जमत नाही! वर तांब्याच्या रंगाची साय, खाली पिवळट-हिरवं पाणी दिसलं, की कापड ओलं करून हळूच आत सोडायचं.

(कापड बाहेर येतं. हिरवं. हवा लागते, निळं होतं. निवेदन नाही, संगीतही नाही.)

(टाके कापले जातात. कापड उलगडतं.)

मान धरते, बोटं सोलतात, आणि असली छापील नक्षी बाजारात याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. मजुरी कापडाच्या मीटरवर ठरवावी की टाक्यांवर, यावर शिवणाऱ्यांच्या गटात वाद चालू आहे. आम्ही टाक्यांच्या बाजूचे.