डोळ्यांतून पाणी वाहतंय, तरी डोळे कोरडे? होय की!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी म्हणालो होतो की अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. तेव्हापासून निपाणीहून, चिकोडीहून, खानापूरकडच्या गावांतून एकच प्रश्न येतोय. "दादा, आईच्या डोळ्यांतून दिवसभर पाणी वाहतंय आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे पडलेत. हे कसं?" आज तेवढंच बोलू.

आधी घटक, भराभर. साधारण ९८ टक्के पाणी. त्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट हे क्षार. पोटॅशियम तर रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त. थोडी साखर. मग प्रथिनं. त्यातलं लायसोझाइम जंतूंचं कवचच फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंगनं त्यावर १९२२ साली लिहिलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून तो लोकांच्या डोळ्यांत लिंबाचा रस टाकायचा! दुसरं लॅक्टोफेरिन. जंतूंना लागणारं लोह ते स्वतःकडे धरून ठेवतं. झालं.

आता खरी गोष्ट. हे सगळं डोळ्यावर सरबतासारखं ढवळलेलं नसतं. खाली म्यूसिन, म्हणजे शेंबडासारखा बुळबुळीत पदार्थ, तो वरच्या पाण्यात विरघळत जातो, आणि सगळ्यांत वर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा. पाणी येतं भुवईखालच्या अश्रुग्रंथीतून. तेल येतं पापण्यांच्या कडेला ओळीनं बसलेल्या मायबोमियन ग्रंथींतून. तेलाचं आणि पाण्याचं दुकान वेगळं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

माझी आत्या निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. डोळे कायम ओले, पदर कायम गालाला. मी म्हटलं, "आत्या, डोळे कोरडे पडले असतील." तर म्हणाली, "पाण्यानं भरल्यात की रे डोळं, कोरडं कुठलं? आणि मी काय रडतो व्हय?" शेवटी मीच तिला बेळगावला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंग लावला, खोलीत अंधार केला, निळा दिवा टाकला आणि म्हणाले, पापणी मिटू नका. सगळा डोळा हिरवट चमकत होता. एक, दोन, तीन... चौथ्या सेकंदाला त्या हिरव्यात काळा ठिपका पडला. अश्रूंचा थर फुटला. निरोगी डोळ्यात तो १० सेकंद तरी टिकायला हवा. तो काळा ठिपका म्हणजे उघडी पडलेली जागा. तिथं झोंबतं, मज्जातंतू ओरडतात, आणि अश्रुग्रंथी पाण्याचा लोंढा सोडते. लोंढा पाण्याचा. तेल त्यात नाहीच.

अजून पटत नसेल तर स्वयंपाकघरात चला. रश्शावर चांगला लाल कट असला की खालचा रस्सा किती वेळ गरम राहतो? कट वाफ अडवतो. तोच कट काढून घ्या, वाफा निघत राहतात. डोळ्यावरचा तेलाचा पापुद्रा हेच काम करतो. तो विरळ झाला की पाणी उडून जातं, कितीही ओता. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "म्हंजे माझा कट गेलाय म्हण की." बरोबर, तेच!

आता खालून बघू. अळवावरचं पाणी ठरतं का? थेंब होऊन घरंगळतं. म्यूसिन कमी पडलं तर डोळ्यावरचं पाणी तसंच घरंगळतं, गालावर येतं, आणि बुबुळ मात्र उघडंच. म्हणून गाल ओला, डोळा कोरडा.

कांद्याचंही बघा. चिरला की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, एक वायू तयार करतात. त्यातलं शेवटचं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं. वायू डोळ्याला झोंबतो आणि तोच पाण्याचा लोंढा सुटतो. थोडं पाणी गालावर, बाकीचं डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या छिद्रांतून नाकात, म्हणून नाकही वाहतं. संकेश्वरी मिरची कुटताना हेच होतं. वाहून जाणारं पाणी आणि डोळ्यावर टिकणारा थर, दोन गोष्टी निराळ्या.

एक ताई लिहितात, "रडलं की शरीरातलं विष बाहेर पडतं ना?" अमेरिकेतले संशोधक विल्यम फ्रे यांनी १९८१ मध्ये भावनेच्या अश्रूंत कांद्याच्या अश्रूंपेक्षा जास्त प्रथिनं मोजली, हे खरं. पण त्यावरून कुणी विषापर्यंत जाऊ नये. दोन-चार थेंबांत किती जाणार? ते काम मूत्रपिंडांचं. रडून मन हलकं होतं, त्यासाठी विषाची गोष्ट जोडायची गरजच नाही.

आणि हात जोडून सांगतो, डोळ्यांत गुलाबपाणी, मध, घरी केलेलं मिठाचं पाणी घालू नका. मला याचा खरंच राग येतो. ते निर्जंतुक नसतं, आणि जो थर आधीच तुटलाय तो तुम्ही धुऊन टाकता. आत्यानं वर्षभर गुलाबपाणी घातलं होतं.

तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर कोमट फडक्याचा शेक, पाच-दहा मिनिटं, सोसवेल इतपतच. मोबाईल बघताना पापणी पूर्ण मिटा, कारण मिटतानाच तेल बाहेर दाबलं जातं. वडगावात मागावर बसणाऱ्यांनाही हेच सांगेन. धाग्यावर नजर लावली की पापणी लवायची राहते.

पाणी वाहण्याचं कारण प्रत्येकाचं हेच असेल असं नाही, अश्रूंची नळी तुंबली तरी पाणी येतं. डोळा दुखतोय, लाल झालाय, उजेड सोसत नाही, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. एरवी तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: "माझा थर किती सेकंदांत फुटतोय?"